जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेताय? आधी इंजिन पारखा

पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय, इकोबूस्ट इकोस्पोर्ट. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असलेल्या अशा पेट्रोल गाड्या आता साध्या हॅचबॅकच्या भावात मिळतात, म्हणून मोह होतो. यातल्या बऱ्याचशा पुणे, मुंबई, सुरत किंवा इंदूरहून जळगाव-धुळ्याकडे येतात. पुण्याच्या हवेत सहा वर्षं गुण्यागोविंदाने चाललेलं इंजिन इथे पहिल्याच मे महिन्यात कुरकुरायला लागू शकतं, कारण जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि काळ्या मातीची बारीक धूळ फिल्टरला उसंत देत नाही.

त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला फार भुलू नका. दर 8,000 किलोमीटरला ऑइल बदललेलं, 90,000 चाललेलं इंजिन एकवेळ जास्त पैसे देऊन घ्यावं. पण बोअरच्या पाण्यावर थंड केलेलं आणि उघड्या फिल्टरवर पळवलेलं 40,000 वालं स्वस्तातही नको. गाडी दोनदा बघा. एकदा पहाटे, रात्रभर उभी असताना. आणि एकदा भर दुपारी, एसी लावून.

पहाटेची फेरी

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर परत या. तापवून ठेवलेल्या गाडीचे अर्धे आजार लपतात.

स्टार्टर मारताना एक जण मागे सायलेन्सरजवळ उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या काही सेकंदांत निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. पिकअप देताना येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. मिनिटभर आयडलवर ठेवून एकदम रेस दिल्यावर ढग आला तर टर्बोच्या सीलवर किंवा व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. पांढरी वाफ डिसेंबरात चालते. मे महिन्यात सकाळी पांढरा धूर आणि त्याला गोडसर वास असेल, तर कुलंट आत जातंय.

कान चेनकडे द्या. 1.8 टीएसआयच्या ईए888 इंजिनांत, विशेषतः 2008 ते 2012 च्या आसपासच्या, टायमिंग चेनचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) ही ओळखीची दुखरी जागा आहे. सुरू होताच क्षणभर खडखड होऊन थांबणं एकवेळ खपवून घेता येईल, पण तीन-चार सेकंद साखळी वाजत राहिली तर चेन किटचा पूर्ण खर्च धरूनच पुढचं बोला. टेन्शनरने दगा दिला तर चेन उडी मारते, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. एक लिटरच्या इकोबूस्टमध्ये टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकलं की त्याचं रबर सुटतं, ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं आणि प्रेशर पडतं. त्या गाडीत ऑइलची बिलं नसतील तर सौदा सोडा. फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे सुट्या भागांची चौकशी आधी करा. अबार्थ पुंटोसारख्या फियाटच्या गाड्यांनाही हेच लागू.

डिपस्टिक काढून बघा. ऑइल मधासारखं स्वच्छ असेल तर खूश होऊ नका. ते विकण्यासाठीच कालच बदललेलं असू शकतं. जुन्या बिलांवर तारीख, किलोमीटर आणि ग्रेड जुळतात का ते पाहा. ऑइल कॅपच्या आत दह्यासारखा थर म्हणजे पाणी मिसळतंय. 'गाडी थोडं ऑइल खाते' असं मालक म्हणाला तर किती ते विचारा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये 1,000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानला आहे, पण रोज वापरायच्या गाडीत प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर किंमत खाली आणायला ते पुरेसं कारण आहे.

पांढरा कपडा

खानदेशात हे न करता कुणी टर्बो गाडी घेऊ नये. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कसा आहे ते दुय्यम. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात बोटाला स्वच्छ पांढरा कपडा गुंडाळून आतून फिरवा. कपड्यावर हलका ऑइलचा ओशटपणा आला तर ठीक. क्रँककेसची (इंजिनच्या तळातली) वाफ त्याच वाटेने जाते. काळपट-तपकिरी, चिमटीत किरकिरणारी माती आली तर धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर आणि तिथून सिलिंडरमध्ये गेली आहे. हौशी पोरं बसवतात त्या उघड्या कोन फिल्टरवर बहुतेक वेळा हेच सापडतं. आवाज मस्त येतो, रिंगा लवकर जातात.

पाइप काढलेलाच आहे तर टर्बोच्या शाफ्टला बोट लावा. आडवी किंचित हालचाल असते, ती ऑइलच्या थराची जागा आहे. पुढे-मागे हालचाल जाणवता कामा नये, आणि पंख्याची पाती कडेला घासलेली, चावल्यासारखी दिसू नयेत. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या पाइपात ऑइलचं डबकं असेल तर टर्बोचं काम आलंच.

कुलंट

इंजिन थंड असतानाच टाकीचं झाकण उघडा. तापल्यावर उघडाल तर तोंड भाजेल. आत गुलाबी-जांभळं किंवा कंपनीचा जो रंग असेल तो स्वच्छ दिसायला हवा. गंजकट तपकिरी पाणी, टाकीच्या कडेला पांढरा खडू, म्हणजे कुणीतरी बोअरचं पाणी ओतत आलंय. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या वाटांत बसतात. नवं कुलंट भरून ते जात नाहीत, आणि मग गाडी हिवाळ्यात शहाणी आणि एप्रिलपासून वेडी होते.

दुपारची फेरी

साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, हजार-दीड हजारांत मिळतो. तो लावल्याशिवाय दुपारची फेरी करू नका. आधी मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, पूर्ण झालेत का पाहा. अर्धे 'अपूर्ण' दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत. दोन-तीन दिवस चालवून परत दाखवा म्हणावं. पी0299 म्हणजे बूस्ट (टर्बोचा दाब) कमी, पी0300 ते पी0304 म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), पी0016 म्हणजे कॅम आणि क्रँक या शाफ्टांचा मेळ बसत नाही, बहुतेकदा ताणलेली चेन. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, शून्याच्या आसपास, फार तर पाच टक्के इकडेतिकडे असावा. दहाच्या वर असेल तर कुठेतरी हवा गळते किंवा पेट्रोल पुरत नाही.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. फोक्सवॅगन घराण्यात तो मुद्दाम 90 वर खिळवून ठेवलेला असतो. आतलं तापमान दहा-पंधरा अंश हललं तरी तो हलत नाही. स्कॅनरवर खरा आकडा दिसतो. एसी फुल्ल करून गाडी वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवा. तापमान 105 पर्यंत जाऊन पंखा लागून खाली आलं तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट जागेवर आहेत. ते 110 ओलांडून चढतच राहिलं तर गाडी बंद करा आणि मालकाला नमस्कार.

मग चढ. धुळेकरांना लळिंग घाट आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा, नंदुरबारकरांना तोरणमाळ. जळगावला चढ नाही, तिथे मोकळा हायवे बघून चौथ्या गिअरला 2,000 आरपीएमपासून पूर्ण दाबा. ओढ एकसारखी वाढत जावी. मध्ये अडखळली तर कॉइल, प्लग किंवा फुटलेला बूस्ट पाइप. दुपारी गाडी सकाळपेक्षा थोडी सुस्त वाटली तर घाबरू नका. तापलेल्या हवेत ईसीयू (इंजिनचा संगणक) स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. पण हायवेवर वेगात असूनही आत जाणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा 25-30 अंश जास्तच राहत असेल, तर इंटरकूलर मातीने बुजलाय किंवा त्याच्याकडे जाणारी हवा अडली आहे.

डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर जळगावच्या बाजारातल्या गर्दीत पंधरा मिनिटं रांगत चालवा. सात गिअरचा कोरडा क्लच तापला की पहिल्या-दुसऱ्यात थरथरतो, रिव्हर्सला झटका देतो. त्याचे गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटचा खर्च लाखाच्या घरात जातो, म्हणून पोलो जीटीचा 1.2 टीएसआय रोजच्या गर्दीसाठी घेताना हीच चाचणी सगळ्यात महत्त्वाची समजा. रोज गावातच फिरणार असाल तर मॅन्युअल बघा, हे आमचं मत.

कॉम्प्रेशन

मालक तयार असेल तर फिटरकडून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) काढून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच झटके. आकडा किती यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो 10-15 टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मालक नाहीच म्हणाला तर त्या नकाराचीही किंमत वजा करा.

रिमॅप

जादा ताकदीसाठी ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून (रिमॅप करून) गाडी ट्यून केली आहे का हे सरळ विचारा आणि उत्तर काहीही आलं तरी क्लच तपासा: तिसऱ्या-चौथ्यात दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर प्लेट सरकते आहे. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलेला असेल तर पीयूसी अडते, आणि न कळवलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण देतो. मूळ भाग सोबत मिळत असतील तरच विचार करा.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि एप्रिल 2023 आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी नळ्या फुगल्यात का, पेट्रोलचा वास येतो का हे तपासून घ्या.

भाव

हिशेब कागदावर करा. उदाहरणादाखल, मालक 4,80,000 म्हणतोय. टायर 28,000, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट 22,000, प्लग-कॉइल 14,000, बुश 16,000. हे 80,000 वजा जाता 4,00,000. शिवाय 40,000-50,000 बाजूला ठेवा, पहिल्या उन्हाळ्यात काहीतरी निघतंच. तेवढे उरत नसतील तर गाडी तुमच्या आवाक्यात नाही, भाव कितीही पडलेला असो. आणि कंपनीचं वर्कशॉप तुमच्या गावापासून किती लांब आहे ते मोजा. अमळनेर-शिरपूरहून दर वेळी नाशिक किंवा संभाजीनगर गाठायचं तर टोइंगचे पैसेही त्याच कागदावर लिहा.

पटलं तर कागद: मालकी बदलाचे नमुना 29 आणि 30, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर नमुना 28 ची एनओसी, कर्ज असेल तर नमुना 35. परराज्यातल्या गाडीला महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, तो आधी विचारून घ्या. विमा 14 दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल.