डाव्या चॅनलचा फाटका आवाज

जुन्या व्हॉल्व्ह प्रीअँपचा (मुख्य अँप्लिफायरआधी सिग्नल वाढवणारं यंत्र) डावा चॅनल तापला की पाचेक मिनिटांत आवाज फाटायचा. मी आधी दोन्ही चॅनलच्या १२एएक्स७ व्हॉल्व्हची (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) आपसात अदलाबदल केली. दोष डावीकडेच राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष.

मग कागद घेऊन सर्किट स्वतः काढलं, आणि तिथेच खरं काय ते कळलं. २५० व्होल्टचा पुरवठा, व्हॉल्व्हच्या प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक) १०० किलोओमचा रेझिस्टर, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १.५ किलोओमचा. उजव्या चॅनलच्या दुसऱ्या टप्प्यात प्लेटवर १५० व्होल्ट मिळाले, म्हणजे १०० किलोओमवर उरलेले १०० व्होल्ट, म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाह, म्हणून कॅथोडवर १.५ व्होल्ट. हिशेब चोख जुळला. डावीकडे मात्र प्लेट ९० वर आणि ग्रिडवर (सिग्नल घेऊन प्रवाह आवरणारं टोक) चक्क +२ व्होल्ट! ग्रिड तर १ मेगओममधून ग्राउंडला जोडलेली, तिथे शून्यच हवं.

पहिल्या टप्प्याची प्लेट आणि ही ग्रिड यांच्यामध्ये एकच वस्तू असते: ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, जो सिग्नल पुढे जाऊ देतो पण स्थिर (डीसी) व्होल्टेज अडवतो. त्यातून फक्त २ मायक्रोअँपिअर गळत होते! एवढ्याशा गळतीने अख्ख्या टप्प्याचा बायस (ग्रिड आणि कॅथोडमधलं ठरलेलं स्थिर व्होल्टेज) बिघडला होता. साध्या मीटरवर हा कपॅसिटर ठीकच दाखवतो, कारण तिथे त्याच्यावर दीडशे व्होल्टचा ताण नसतो. त्याचं एक टोक सोडवलं, ग्रिड लगेच शून्यावर आली.

६३० व्होल्टचा पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर बसवला, उजवीकडचाही बदलला. (सोल्डरिंगआधी वीज काढून वीजपुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा, हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं.) आता दोन्ही प्लेट १५० च्या आसपास आहेत आणि तासभर वाजवूनही आवाज स्वच्छ आहे.