कोंबड्यांच्या जाळीतल्या अंगणात खाली काय टाकायचं?

नुसती माती ठेवली तर कोंबड्या थोड्याच दिवसात सगळं गवत उकरून संपवतात आणि पहिल्याच पावसात तिथे चिखल होतो, मग वास, माश्या, आणि ओल्यात सतत उभं राहून पायांचे त्रास. म्हणून आधी पाणी कुठे साचतं ते बघा आणि जमिनीला थोडा उतार द्या, हे न करता वर काहीही टाकलं तरी वाया जातं.

माझं मत विचाराल तर उघड्या जागेत लाकडाच्या जाड ढलप्या बेस्ट. चांगला वीतभर थर द्या, पाणी खाली निघून जातं, विष्ठा हळूहळू त्यातच कुजते आणि कोंबड्या दिवसभर किडे शोधत तो थर स्वतःच उलटापालटा करत राहतात. हाताने उकरून बघा, वरचा भाग कोरडा आणि खाली मातीसारखा वास आला की सगळं ठीक चाललंय, पण नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर लगेच ओला भाग काढून कोरडा माल टाका.

वाळू पण चालते, फक्त जाड दाण्याची, नदीतली घ्या, बारीक वाळूची धूळ उडते आणि ती ओली झाली की घट्ट बसते. पेंढा मात्र पावसात भिजेल अशा ठिकाणी नकोच, त्याला बुरशी लागते आणि ती कोंबड्यांच्या फुफ्फुसात जाते. काँक्रीट धुवायला सोपं, पण त्यावर जाड थर नसेल तर तळव्यांना जखमा होतात.