ॲलर्जी कमी करायची असेल तर सफाई गादीपासून

दसरा ते दिवाळी या दिवसांत नाशिकमध्ये घरोघरी माळे रिकामे होतात, डबे घासले जातात, पंखे पुसले जातात. आणि एवढे करूनही घरातल्या दम्याच्या किंवा सर्दीच्या माणसाचे पहाटेचे शिंकणे थांबत नाही, कारण ज्या गादीवर तो रोज सात-आठ तास झोपतो तिच्यावर फक्त धुतलेली चादर बदलून पसरलेली असते. घरातल्या ॲलर्जीचे एक मोठे कारण म्हणजे धुळीतले सूक्ष्म किडे, अर्थात डस्ट माइट. हे किडे जेमतेम पाव मिलिमीटरचे असतात, आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी न पिता हवेतली ओल शोषून घेतात, म्हणून पावसाळ्यात त्यांची चंगळ होते. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांचा, आणि किडा मेला तरी हे कण मागे उरतात. त्यामुळे किडे मारणारे फवारे, डांबराच्या गोळ्या आणि धूप यांवर पैसे घालवू नयेत. धुराने तर दमा आणखी बळावतो.

ॲलर्जी असलेल्या माणसाला सफाईच्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवावे आणि सफाई करणाऱ्याने मास्क लावावा. पंखे, माळा आणि कपाटांचे माथे ओल्या फडक्याने वरून खाली पुसावेत. कोरडा झाडू मारू नये, फरशी ओल्या फडक्यानेच पुसावी.

चादरी, अभ्रे आणि गोधड्या दर आठवड्याला निदान ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात. कोमट पाण्याने कण बरेचसे निघून जातात, पण किडे जिवंत राहतात. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर दोन भाग उकळते आणि एक भाग नळाचे पाणी मिसळून कपडे काठीने ढवळावेत आणि अर्धा तास तसेच ठेवावेत. पाणी निवल्याशिवाय हात घालू नये. जुन्या लुगड्यांची पातळ गोधडी या बाबतीत जाड रजईपेक्षा कितीतरी सोयीची, कारण ती धुता येते आणि नाशिकच्या उन्हात दिवसभरात वाळते.

आता गादी. माझी काही वर्षे इथेच वाया गेली. पहिल्या वर्षी मी कापसाची गादी गच्चीवर टाकून काठीने बडवली. सकाळच्या तिरप्या उन्हात धुळीचा ढग उठताना स्पष्ट दिसत होता आणि मोठे काम होत असल्यासारखे वाटत होते. प्रत्यक्षात तो ढग माझ्या नाकात आणि शेजारच्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर गेला, आणि पुढच्या प्रत्येक फटक्याला तेवढाच ढग पुन्हा उठला. मी दोन रात्री बसून काढल्या. पुढच्या वर्षी तर मी गादी पाण्याने धुण्याचा शहाणपणा केला. पाच दिवस ऊन दाखवूनही ती आतून ओलीच राहिली, खोळीवर काळे ठिपके आले, आणि पिंजाऱ्याने टाके उसवले तेव्हा आतून कापसाचे कुबट गोळे निघाले. कापसाची गादी बडवू नये आणि धुऊही नये.

ती उन्हात टाकावी, पण जमिनीवर नाही. खाटेवर टाकली तर खालून वारा खेळतो. सलग दोन दिवस सकाळी दहा ते दुपारी चार असे ऊन द्यावे आणि दुपारी बारा-एकला बाजू पालटावी. उन्हाने ओल जाते, ओल गेली की किडे सुकून मरतात. मात्र विष्ठा तिथेच असते, म्हणून लगेच व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. घाईने फिरवून उपयोग नाही: एका बाजूला निदान दहा मिनिटे द्यावीत आणि कडेची शिवण व टाक्यांचे खळगे यांवर तोंड टेकवून थांबावे, कारण सगळी धूळ तिथेच बसलेली असते. यंत्राला हेपा फिल्टर असावा. साधे यंत्र पुढून ओढलेली बारीक धूळ मागून खोलीत सोडते.

तरीही आतली धूळ पूर्ण निघत नाही, आणि म्हणून शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे: गादी आणि उशी सहाही बाजूंनी बंद होणाऱ्या, चेन असलेल्या, दाट विणीच्या खोळीत घालावी. साध्या सुती खोळीच्या विणीतून कण बाहेर येतात. खोळ घेताना तिची छिद्रे १० मायक्रॉनपेक्षा लहान आहेत का, हे विचारूनच घ्यावी. गादी फार जुनी असेल तर कापूस पिंजून घ्यावा, पण पिंजाऱ्याच्या दुकानात. स्वतःच्या अंगणात तो उद्योग मुळीच करू नये.

बाकीचे थोडक्यात. भिंतीवरच्या बुरशीवर रंग मारू नये, आधी गळती बंद करावी. ब्लीच वापरायचेच असेल तर त्यात संडास साफ करण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. झुरळांची विष्ठाही ॲलर्जी वाढवते, तेव्हा रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत. कूलरच्या जाळ्या दर उन्हाळ्याआधी बदलाव्यात. मुलांची कापडी खेळणी चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवून मग धुवावीत.

थंडीचा पहिला कडाका पडला की दिवाणातली रजई काढून थेट अंगावर घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्याच रात्री शिंका सुरू होतात. कारण ती रजई अख्खा पावसाळा बंद पेटीत ओल धरून बसलेली असते. होळीनंतर रजई आत ठेवण्याआधी तिची खोळ गरम पाण्यात धुऊन आणि रजईला दोन दिवस ऊन दाखवून ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवावी, आणि कार्तिकात बाहेर काढल्यावर पुन्हा एक दिवस गच्चीवर टाकावी.