युनिव्हर्सल रिमोटवरून एसीचं तापमान बदलतच नाही : माझा अनुभव

वायफायवर चालणाऱ्या आयआर हबवर (मोबाइल ॲपवरून सांगितलं की रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि बेडरूममधला एसी असे तिन्ही जोडले. पहिले दोन लगेच चालले. एसीचं मॉडेल ॲपच्या यादीत नव्हतं, म्हणून 'लर्न' (मूळ रिमोटचा सिग्नल हबने टिपून साठवायची सोय) वापरून बटणं शिकवली. पण तापमान वाढवायचं बटण कितीही वेळा दाबलं तरी एसी 25 वरच.

बटणं पुन्हा शिकवली, रिमोटचे सेल बदलले, हबची जागा बदलली. आई रात्री अंधारात मूळ रिमोट चाचपायची, ते बघून फार चिडचिड व्हायची.

कारण असं: टीव्हीचा रिमोट फक्त 'आवाज वाढव' एवढंच सांगतो. एसीचे बहुतेक रिमोट मात्र प्रत्येक वेळी चालू-बंद, मोड, तापमान, पंख्याचा वेग हे सगळं एकत्र पाठवतात. मी शिकवलं होतं ते 'वाढव' नव्हतंच, 'चालू, कूल, 25' होतं.

मग जुनी बटणं पुसली आणि या क्रमाने केलं. मूळ रिमोटवर कूल, 24, पंखा कमी असं लावून एसी बंद केला. ॲपमध्ये '24 चालू' नावाचं बटण घेऊन लर्न सुरू केलं, रिमोट हबसमोर जवळ धरून पॉवर एकदाच दाबलं. लगेच 'बंद' नावाचं वेगळं बटण घेऊन पुन्हा पॉवर एकदा. 27 साठी एसी चालू करून रिमोट आधी 26 वर आणला, मग लर्न सुरू करून 'वाढव' एकदा दाबलं.

आता आईला तीनच बटणं लागतात.