रडार डिटेक्टर भेट द्यायचा तर: कमी पैशांत, पण रोज वापरला जाईल असा

रडार डिटेक्टर म्हणजे पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ असलं की आधीच वाजणारं, गाडीत लावायचं छोटं यंत्र. अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या भावाला, जावयाला किंवा नवऱ्याला रडार डिटेक्टर द्यायचं ठरलं की बहुतेक लोक डब्यावरचे आकडे वाचत बसतात: बँड (रडार लहरींचे पट्टे) किती, पल्ला किती मैलांचा, ३६० अंश आहे का. हे आकडे बाजूला ठेवा. बरा डिटेक्टरसुद्धा पडून राहतो तो त्याच्या कटकटीमुळे. प्रत्येक दुकानासमोर आणि शेजारून जाणाऱ्या दर चौथ्या गाडीपाशी तो बोंबलतो, आठवड्याभरात वायर उपटली जाते आणि यंत्र ग्लोव्ह बॉक्समध्ये जातं. तेव्हा पैसे मोजायचे ते गप्प बसण्याच्या अकलेसाठी.

पहिली चौकशी: माणूस गाडी कुठे आणि कोणती चालवतो? व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये डिटेक्टर वापरायला बंदी आहे, म्हणजे अ‍ॅशबर्न-हर्नडनच्या मित्राला दुसरं काहीतरी द्या. दहा हजार पौंडांवरच्या व्यावसायिक वाहनांत तो देशभर वापरता येत नाही, लष्करी तळांवरही नाही. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात डिटेक्टर चालतो, पण समोरच्या काचेवर चिकटवण्यावर निर्बंध आहेत, म्हणून डॅशबोर्डवरचा माउंट घ्या. कॅनडात फक्त ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचवान इथे परवानगी आहे. टोरोंटोच्या बहिणीला ही भेट पाठवलीत तर यंत्र जप्त होईल आणि दंड तिच्या नावावर लागेल.

दुसरी पायरी कचरा वगळण्याची. तीस-चाळीस डॉलरचे, "१६ बँड" लिहिलेले डिटेक्टर घेऊ नका. अमेरिकेत पोलिसांचं रडार तीनच बँडवर चालतं: एक्स (१०.५२५ गिगाहर्ट्झ), के (२४.१५० च्या आसपास) आणि केए (३३.४ ते ३६). चौथी गोष्ट म्हणजे लेझर, म्हणजे प्रकाशाच्या झोताने वेग मोजणारी गन. उरलेले बारा बँड डब्यावर जागा भरायला असतात. "जॅमर" किंवा "स्क्रॅम्बलर" असं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. रडार जॅम करणं हा देशभर गुन्हा आहे. वेझसारखं नकाशाचं अ‍ॅप सोबत जरूर वापरावं, पण तिथे कुणीतरी आधी पोलीस पाहून कळवलेला असावा लागतो.

आता खरी गोची: के बँड.

केए वाजला तर विश्वास ठेवायचा. त्या बँडवर पोलिसांखेरीज फारसं कुणी नसतं, आणि त्यांच्या वेग मोजणाऱ्या रडार गन ठरावीक आकड्यांवर सापडतात: ३३.८, ३४.७, ३५.५. एक्स बहुतेक राज्यांत जवळपास बंद पडलाय, तो सेटिंगमधून बंद करून टाका. के मात्र सगळ्यांचा आहे. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे, हायवेवरचे ट्रॅफिक सेन्सर, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर (आरशात न दिसणारी बाजूची गाडी टिपणारे). होंडा, अ‍क्युरा, जीएमच्या बऱ्याच गाड्यांत हे सेन्सर २४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे नेमके के बँडमध्ये. ७७ गिगाहर्ट्झचे नवे सेन्सर त्रास देत नाहीत, पण रस्त्यावर जुन्या गाड्यांचीच गर्दी आहे. के सरळ बंद करा, असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. कित्येक गावांचे पोलीस आजही के वापरतात आणि नेमकं तिथेच तिकीट मिळतं.

म्हणून खरेदी करताना तीन गोष्टी तपासा, आणि त्या याच क्रमाने.

एक, के फिल्टर, म्हणजे के बँडवरचे खोटे सिग्नल गाळणारी सोय. युनिडेन कंपनीच्या यंत्रांमध्ये तो के फिल्टर नावाने असतो, एस्कॉर्टमध्ये ट्रॅफिक सेन्सरसाठी टीएसआर. फिल्टर आलेला सिग्नल क्षणभर पारखतो आणि मगच ओरडतो. याची किंमत अशी की गन रोखून धरलेल्या आणि गाडी जवळ आल्यावरच ट्रिगर दाबणाऱ्या पोलिसाचा छोटासा झटका कधीकधी निसटतो. तरीही फिल्टर चालूच ठेवायचा. दिवसभर खोटं ओरडणारं यंत्र खरं ओरडलं तरी पाय ब्रेककडे जात नाही.

दोन, जीपीएस. हा नसेल तर भेट म्हणून ते मॉडेल घेऊच नका. जीपीएस असला की रोजच्या वाटेवरचे दरवाजे जागेसकट लक्षात ठेवून पुढच्या वेळी गप्प राहता येतं. याला लॉकआउट म्हणतात. शिवाय वेग कमी असताना यंत्र आपोआप मुकं करता येतं. काही मॉडेलमध्ये लॉकआउट हाताने करावा लागतो, काही थोड्या खेपांनंतर स्वतः शिकतात. बटणांशी खेळायची आवड नसलेल्याला आपोआप शिकणारंच द्या. हाताने करणाऱ्याला एक नियम पक्का सांगा: तीच जागा, तोच फ्रीक्वेन्सीचा आकडा, निदान तीन वेळा दिसल्याशिवाय लॉक करायचं नाही. आणि केए कधीच लॉक करायचा नाही. पोलीस त्याच वळणावर आठवड्यातून दोनदा उभा राहत असेल, तर तुम्ही त्यालाच गप्प केलेलं असतं.

तीन, पडद्यावर फ्रीक्वेन्सीचा आकडा दिसला पाहिजे. नुसतं "के" लिहून येणाऱ्या यंत्राचा उपयोग अर्धाच. पोलिसांची के गन २४.१५० च्या जवळपास दिसते, ब्लाइंड स्पॉटवाले इकडेतिकडे विखुरलेले असतात. महिन्याभरात माणूस आकड्यावरूनच ओळखायला लागतो.

भेट घेणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीत असा सेन्सर असेल तर मागे-पुढे दोन अँटेना असलेलं मॉडेल टाळा. सेन्सर मागच्या बंपरच्या कोपऱ्यात असतात, आणि मागची अँटेना स्वतःच्याच गाडीवर भुंकत राहते.

पैशांचं गणित सोपं आहे. साधारण दीडशे-दोनशे डॉलरमध्ये युनिडेन डीएफआर७ मिळतो: जीपीएस आहे, पल्ला बेताचा, गावातल्या गावात फिरणाऱ्याला पुरे. लांबचा हायवे रोजचा असेल तर तीनशेच्या आसपास युनिडेन आर३ घ्या. इथे एक खाच आहे: आर१ दिसायला हुबेहूब तसाच आणि थोडा स्वस्त, पण त्यात जीपीएस नाही. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घाईने आर१ उचलला जातो. दिशेचे बाण दाखवणारे आर७, आर८ किंवा व्हॅलेंटाइन वन उत्तम आहेत, पण ते या बजेटचे नाहीत.

डबा गुंडाळण्याआधी उघडा. फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) आणि वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी कॉम्प्युटरला जोडून अपडेट करा, एक्स बंद, के फिल्टर चालू, कमी वेगाचा म्यूट २५ मैलांवर ठेवा. सेटिंग न करता दिलेला डिटेक्टर पहिल्याच दिवशी मालकाला वैतागवतो.

बसवणं दहा मिनिटांचं काम: काचेवर, सपाट, वायपरच्या आड नाही, एअरबॅगच्या वाटेत नाही, मागची काचही दिसेल असा. फक्त एक बघा. काही गाड्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, त्यातून रडार नीट येत नाही. अशा काचेत आरशाजवळ टोल टॅगसाठी मोकळी खिडकी सोडलेली असते. डिटेक्टर तिथेच लावा.

लेझरबद्दल आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिलं तिकीट मिळालं की दोष भेटीला. हजार फुटांवर लेझरचा झोत जेमतेम तीन फूट रुंद असतो आणि तुमच्या नंबर प्लेटवर रोखलेला असतो. यंत्र वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो. महाराष्ट्रातही महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गन असते आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. पुण्याच्या काकांसाठी सुटकेसमध्ये डिटेक्टर टाकू नका.

न्यू जर्सीहून दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी: व्हर्जिनियाची हद्द येण्याआधी गाडी थांबवा, वायर काढा आणि यंत्र डिकीत ठेवा. नुसतं बंद करून काचेवर ठेवलं तरी दंड होऊ शकतो.