ध्रुवीय प्रदेशात मॉसची वाढ मोजताय? या चुका टाळा

अंटार्क्टिकात मॉस (दाट गादीसारखी पसरणारी छोटी वनस्पती) वर्षाला बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटर वाढतं, कोरड्या जागी त्याहूनही कमी. तीच गादी पाणी प्यायली की एका दुपारीत तेवढी फुगते. मोजायची गोष्ट इतकी लहान आणि फसवणारी गोष्ट तिच्याएवढीच किंवा मोठी. वाढ मोजायची नेहमीची रीत म्हणजे गादीत तार रोवायची आणि तिचा उघडा भाग कॅलिपरने मोजायचा: मॉस वाढलं की तो कमी होतो. वरची गोष्ट लक्षात न घेता तार आणि कॅलिपर घेऊन निघणाऱ्यांच्या वह्यांत त्याच त्या चुका सापडतात.

ओली आणि कोरडी नोंद एकाच रकान्यात

हा तक्ता पुन्हा पुन्हा बघायला मिळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला गादी कोरडी, तार 24 मिमी बाहेर. जानेवारीच्या मध्यात वितळलेलं पाणी वाहतंय, तार 20 मिमी बाहेर. लगेच शेरा: सहा आठवड्यांत 4 मिमी वाढ! फेब्रुवारीत ओहोळ आटतो, गादी वाळते आणि तार 23 मिमी बाहेर दिसते. मग ‘3 मिमी मॉस गेलं कुठे?’ अशी शोधाशोध. ते कुठेच गेलेलं नसतं, ते पाणी होतं. मॉसला खरी मुळं नाहीत. पाणी घेणं-सोडणं मुख्यतः पानांतूनच चालतं. वाळल्यावर पानं मिटून कोंबाला चिकटतात, भिजल्यावर उघडतात. या तक्त्यात दोन कोरड्या नोंदींमधला 1 मिमी तेवढा वाढीचा असू शकतो.

म्हणून नेहमी भिजवूनच मोजा. तापमान शून्याच्या वर असेल अशी दुपार निवडा, शेजारच्या ओहोळाचं पाणी स्प्रेने मारा, अर्धा तास थांबा, कोंबांमध्ये साचलेलं पाणी ओसरू द्या आणि मग कॅलिपर लावा. संशोधन तळावरच्या नळाचं पाणी नको. हे मोसमाच्या दोन टोकांनाच करा. दर आठवड्याला आकडा हवा म्हणून पाणी मारत राहिलात, तर तुम्ही मॉस मोजत नाही, वाढवत बसता.

तार हलत नाही असं गृहीत धरणं

वाकवलेल्या तारेची पद्धत मूळची दलदलीतल्या स्फॅग्नम या मॉससाठीची. गंज न चढणाऱ्या तारेचं खालचं टोक काटकोनात वाकवून गादीत रोवायचं, वरचं उभं ठेवायचं. मॉस वर चढतं तसा तारेचा उघडा भाग कमी होतो. ध्रुवीय जमीन मात्र गोठताना फुगते. गादी वर उचलली जाते, तिच्याबरोबर तारही. वितळताना गादी खाली बसते, तार अडकून वरच राहते. उघडा भाग वाढतो आणि वाढ उणे येते.

इथे सगळ्यात घातक शॉर्टकट घेतला जातो: उणे आकडे ‘चुकीचे’ म्हणून खोडायचे आणि अधिकचे ठेवायचे. अशी सरासरी दर वेळी फुगलेलीच येणार. एक तर सगळे आकडे ठेवा, नाहीतर तार हलल्याचा पुरावा दाखवा. त्यासाठी गादीच्या दोन्ही बाजूंच्या खडकात बोल्ट बसवून त्यांवर सरळ पट्टी टेकवा. पट्टीपासून तारेच्या टोकापर्यंत आणि पट्टीपासून मॉसच्या पृष्ठभागापर्यंत, अशी दोन अंतरं घ्या. पहिलं बदललं की तार सरकली.

तारांची संख्याही आधी ठरवा. एकच तार, आधीचा आकडा झाकून, तीनदा मोजा. तिन्हींत अर्ध्या मिमीचा फरक पडत असेल, तर पाच तारांवर वर्षाची वाढ सांगायला जाऊ नका. तारांमधलं प्रमाण विचलन (आकडे किती विखुरलेत ते) 1 मिमी असेल तर 25 तारांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी साधारण किती चुकू शकते ती) 0.2 मिमी येते. त्याहून कमी तारांत काम उरकायची घाई कशासाठी?

बाकीच्या चुका

जिथे मॉस स्वतःच वर्षं मोजतं तिथे तार कशाला? आर्क्टिकमधलं हायलोकोमियम स्प्लेंडेन्स हे मॉस साधारणपणे दर वर्षी एक नवी पायरी काढतं. पायऱ्यांची लांबी मोजा. जुन्या कोंबांचं वय काढायला अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) कामी येतो, त्याचा उच्चांक 1963-65 च्या सुमाराचा. पाण्याखालच्या मॉसवर मात्र हे आंधळेपणाने लावू नका, तिथे जुना कार्बन मिसळू शकतो.

कोरडं वजन घेताना वाऱ्याने आलेली वाळू धुऊन काढा, नाहीतर वजन मॉसचं नाही, खडकाचं येतं. 60 ते 70 अंशांवर, लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच तोला. उघड्यावर ठेवलेलं मॉस हवेतली ओल पटकन ओढतं.

हवामान केंद्राचं तापमान मॉसला चिकटवू नका. उन्हात गादीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी गरम असतो. सेन्सर कोंबांच्या टोकांमध्येच हवा.

कोंबांना रंगीत दोरे बांधू नका. ओढले गेले की कोंब तुटतो.

गादीवर पाय देऊ नका. बुटाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो, आणि त्या जागची पुढची नोंद दबलेल्या मॉसची असते.

अंटार्क्टिकात नमुना घ्यायला माद्रिद प्रोटोकॉलच्या (तिथल्या पर्यावरण रक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टाखाली परवाना लागू शकतो, आणि विशेष संरक्षित क्षेत्रात नुसतं शिरायलाही पाचव्या परिशिष्टाखाली लागतो. तारा आणि बोल्ट यांचा आकडा अर्जातच लिहा, प्रत्येकाचं स्थान जीपीएसवर नोंदवा, आणि काम संपलं की यादीवर खूण करत एकेक काढून आणा.