गोल्फ किट विमानाने नेताय? या चुका टाळा

जळगावात राहून गोल्फ खेळायचा म्हणजे आधी प्रवास, मग खेळ. एरवी पुण्यातलं येरवड्याचं नाहीतर मुंबईतलं चेंबूरचं मैदान, आणि वर्षातून एकदा आम्ही पाच-सहा जण मिळून विमानाने लांब कुठंतरी जातो. दरवर्षी या टोळीत एखाद-दोन नवे भिडू असतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका होतात. सांगून सांगून थकलो, म्हणून आता लिहूनच काढतोय.

माझा धंदा केळीचा. रावेर-सावद्याकडचा माल भरून बाहेर पाठवायचा. घड गाडीत लावताना आमची माणसं खाली पाला अंथरतात, दोन घडांच्या मध्ये पाला देतात, दांडा कुठं टेकतोय ते बघतात. शंभर रुपयांच्या घडाची एवढी काळजी घेणारा आपला माणूस लाखाचं किट पातळ कव्हरात कोंबतो, चेन ओढतो आणि काउंटरवर सोडून देतो, हे बघून माझा जीव तुटतो.

ड्रायव्हरची मान

ड्रायव्हर म्हणजे लांब फटका मारायचा क्लब, गोल्फची काठी. तिची दांडी, म्हणजे शाफ्ट, डोक्याला जुळते ती मान. सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून याबद्दल सविस्तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही श्रीनगरला गेलो होतो. दल सरोवराच्या काठाजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी रॉयल स्प्रिंग्ज नावाचं मैदान आहे, रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी आखलेलं. माझा भाचा खेळायला लागून सहाच महिने झाले होते. नवा कोरा ड्रायव्हर घेतला होता. निघायच्या आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, बॅगेत आधाराची काठी घाल. तो म्हणाला, "मामा, कव्हर चांगलं जाड आहे. काही होत नाही." घाई होती, जेवायचं होतं, झोपायचं होतं. मीही पुढं बोललो नाही. तेव्हा मी त्याचा हात धरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, त्याने हेडकव्हर ओढलं, तर ड्रायव्हरचं डोकं कव्हरातच राहिलं आणि हातात नुसता शाफ्ट आला. ग्राफाइट तिरपं चिरलेलं होतं आणि तुटल्या जागी काळे बारीक धागे बाहेर आले होते. पोराने ते दोन तुकडे कितीतरी वेळ एकमेकांना लावून पाहिले. पुढचे तीन दिवस तो ड्रायव्हरऐवजी 3 वुडनेच, म्हणजे त्याहून आखूड क्लबनेच खेळला.

हे का होतं ते समजून घ्या. बॅगेतल्या चौदा क्लबांत ड्रायव्हर सगळ्यात लांब असतो, साधारण 45 ते 46 इंच. सामान चढवता-उतरवताना बॅग डोक्याच्या बाजूने आपटली की सगळा मार आधी त्यालाच बसतो. डोकं अडतं, मागून बॅगेचं वजन येतं आणि शाफ्ट हॉझेलपाशी, म्हणजे मानेपाशी मोडतो. कव्हर मऊ असो की जाड, त्याच्या आत ड्रायव्हरपेक्षा उंच आणि ताठ असं काही नसेल तर हे कधी ना कधी होणारच.

बाजारात यासाठी घडीची काठी मिळते, तिला स्टिफ आर्म म्हणतात. मी वापरतो तो साधा बांबू. 50 इंचावर कापलेला, वरच्या टोकाला टेनिसचा चेंडू भोक पाडून बसवलेला आणि टेपने घट्ट बांधलेला. चेंडूमुळे बांबू कव्हर फाडत नाही. तो क्लबांच्या मधोमध, बॅगेच्या तळाला टेकवून उभा करायचा. ड्रायव्हरपेक्षा किमान दोन इंच वर आला पाहिजे. बॅग उलटी आपटली तरी मार बांबू खातो. माझा एकच बांबू नऊ वर्षं चाललाय.

आताच्या बहुतेक ड्रायव्हरचं डोकं किल्लीने सुटतं. ते काढायचं, हेडकव्हरात घालायचं आणि कपड्यांच्या घडीत ठेवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. किल्ली मात्र चेक-इनच्या सामानातच ठेवा आणि निघण्याआधी ती बॅगेत आहे ना ते बघा, नाहीतर डोकं हातात आणि किल्ली जळगावात.

आयर्नची, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबांची डोकी एकमेकांवर आपटून ग्राफाइटच्या शाफ्टला ओरखडे पडतात. मी त्यांच्यामध्ये जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळतो आणि वरून नवारीच्या पट्टीने सगळी डोकी एकत्र आवळून टाकतो. घरात गोधडी नसेल तर आंघोळीचे दोन टॉवेल घ्या. फोम, बुडबुड्यांचं प्लास्टिक यांच्या भानगडीत मी पडत नाही. परत येताना ते फाटलेलं असतं, गोधडी तशीच असते.

हार्ड केस घ्यावी का, असं सगळे विचारतात. परदेशात दोन-तीन विमानं बदलून जाणार असाल तर घ्या. पण ती जड असते, आणि पोचल्यावर टॅक्सीच्या डिकीत मावत नाही. चौघांच्या चार हार्ड केस असतील तर दोन गाड्या कराव्या लागतात. मी मऊ कव्हर आणि बांबूवरच आहे.

प्रवास आखताना किटचा विचार न करणं

तिकीट काढताना लोक फक्त स्वतःचा विचार करतात. सध्या जळगावहून उडणारी विमानं एटीआर 72 जातीची, पंख्याची, सत्तरेक आसनांची. आपली धावपट्टी सुमारे 1700 मीटर. विमान लहान, त्याचं सामानाचं पोटही लहान. त्यात आपला मे महिना. जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर गेला की हवा पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला वजन कमी घेऊनच उडावं लागतं. अशा वेळी मागे काय राहतं? सामान. आणि त्यातही लांब, अवजड, अडचणीचं सामान.

माझं स्वतःचं झालंय. एका मे महिन्यात अशाच पंख्याच्या विमानाने एका स्पर्धेला निघालो. त्याच दिवशी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला फटका. मी पोचलो, बॅग आली नाही. ती आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर मी भाड्याचा सेट घेऊन, पायात साधे बूट घालून अठरा होल चालून आलो होतो. क्लब भाड्याने मिळतात, पण आपल्या मापाचे बूट मिळत नाहीत. तेव्हापासून बूट, ग्लव्ह आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) माझ्या हातातल्या बॅगेत असतात, आणि खेळाच्या आधी पूर्ण एक दिवस मोकळा असतो. एक दिवसाचं हॉटेल वाचवायला जाणारे नंतर हळहळतात. उन्हाळ्यात तर मी सरळ मुंबईपर्यंत रेल्वेने जातो आणि तिथून मोठं विमान धरतो.

दुसरं म्हणजे दोन वेगवेगळी तिकिटं. जळगाव-मुंबई एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर. बॅग आपोआप पुढं जाईल असं समजून लोक निवांत बसतात. ती जात नाही. मुंबईत पट्ट्यावरून उचलायची, टर्मिनल वेगळं असेल तर तिकडं न्यायची आणि पुन्हा चेक-इन करायची. यात दीड तासात काही होत नाही. मी किमान चार तास ठेवतो. एकाच तिकिटावर सगळा प्रवास मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी तेच घ्या. गोव्यात विमानतळ दोन आहेत, मोपा की दाभोळी हे तिकिटावर नीट वाचा.

वजन

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 15 किलो मिळतात. बॅग, चौदा क्लब आणि कव्हर मिळून तेवढ्यातच संपतं, कपडे वेगळेच. तरी लोक तीन-तीन डझन चेंडू भरतात. नियमाप्रमाणे एक चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, म्हणजे दोन डझनांचे 1 किलो 100 ग्रॅम झाले. चेंडू तिथं मिळतात. घरी वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, फरक काढा. जास्तीचं वजन आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, काउंटरवर जास्त पैसे पडतात. आणि कंपनी गोल्फ किट खेळाचं साहित्य म्हणून घेते की साधं सामान म्हणून, हे फोन करून विचारा. लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटरची मर्यादा अनेक ठिकाणी असते, आपली बॅग त्यात बसत नाही.

बाकीच्या चुका

पॉवर बँक किंवा सुट्या लिथियम बॅटऱ्या किटच्या कप्प्यात राहणं. एक्स-रेमध्ये दिसतात, बॅग अडवतात, तुम्हाला बोलावणं येतं. त्या केबिनमध्येच न्यायच्या. निघताना किटचा एकूण एक कप्पा रिकामा करून पाहा.

उलट, क्लब केबिनमध्ये चालत नाहीत, चेंडू हळूच ढकलायचा एकटा पटरसुद्धा नाही. सुरक्षा तपासणीपाशी वाद घालू नका.

श्रीनगरहून परतताना विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावर उतरून सगळं सामान एक्स-रेतून जातं, पुढं आणखी तपासण्या असतात. तीन तास आधी निघा.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाताना बुटाला माती नको. आपली काळी माती स्पाइकच्या खाचेत सिमेंटसारखी बसते. रात्रभर भिजवून जुन्या ब्रशने काढा आणि तिथल्या फॉर्मवर क्रीडासाहित्य नोंदवा.

महागडा सेट परदेशी नेत असाल तर निघताना कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना ड्युटीचा प्रश्न येत नाही.

किट उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून धुळ्यात तासभर जेवायला बसू नका. डोकं शाफ्टला इपॉक्सीने चिकटवलेलं असतं, आणि डोकं काढायचं असेल तर कारागीर तिथं गरम हवाच मारतो, एवढं लक्षात ठेवा.

पट्ट्यावरून उचलून सरळ बाहेर पडणं

भाच्याची दुसरी चूक हीच होती. लांब बॅग बऱ्याचदा नेहमीच्या पट्ट्यावर न येता ओव्हरसाइजच्या, म्हणजे अवजड सामानाच्या दारातून येते. ती घेतली की बाहेर पडायची घाई, टॅक्सीवाला फोन करत असतो. ड्रायव्हर मोडलाय हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा विमान कंपनीने सांगितलं की तुम्ही विमानतळ सोडताना काही कळवलं नव्हतं. विषय तिथंच संपला.

मी तिथंच एका बाजूला बसून चेन उघडतो. निघताना काढलेला बॅगेच्या आतला फोटो मोबाइलवर असतो, तो समोर धरतो. क्लब मोजतो, ड्रायव्हर आणि वुडच्या मानेवरून अंगठा फिरवतो, शाफ्ट कानाशी हलवून बघतो. काही तुटलेलं असेल तर बाहेर न पडता कंपनीच्या काउंटरवर पीआयआर लिहून घेतो, म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, आणि त्याची प्रत. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते. देशांतर्गत प्रवासात भरपाईची मर्यादा 20,000 रुपये आहे, त्यात चांगला नवा ड्रायव्हरही येत नाही. म्हणून किटचा वेगळा विमा काढा आणि बिलं जपून ठेवा.

यंदा डिसेंबरात पुन्हा निघतोय. भाच्याने परवाच माझ्याकडून टेनिसचा चेंडू नेला. बांबू त्याने शेतातून स्वतः तोडून आणलाय, 50 इंच मोजून.